सामाईक वही

मी साहित्याची विद्यार्थिनी. ‘डेटाबेस’ हा शब्द दिसला की पान उलटणारी. पण गेल्या मे महिन्यात बुऱ्हाणपूरला घरी गेले आणि त्याचाच धडा मिळाला, तोही चर्चच्या कपाटासमोर.

आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदींची सहा जुनी पुस्तकं आहेत, सालाप्रमाणे. प्रत्येकाच्या शेवटी त्या पुस्तकापुरती नावांची सूची. शिवाय एक जाड वही आहे. तिच्यात सहाही पुस्तकांतली नावं अक्षरक्रमाने, आणि नावापुढे पुस्तक नि पान. तिसऱ्या पुस्तकाची पानं कधीतरी उलटसुलट शिवली गेली होती. फादर म्हणाले, “तारखेप्रमाणे लाव आणि नवे क्रमांक घाल.”

त्या पुस्तकाची स्वतःची सूची एका संध्याकाळी झाली. मग जाड वही उघडली आणि रडूच आलं. हललं होतं एकच पुस्तक, पण त्याची नावं वहीभर विखुरलेली! खाडाखोड नको म्हणून वही उसवली, पानं टेबलभर पसरली आणि पहिल्यापासून लिहायला घेतली. नऊ दिवस लागले.

चौथ्या दिवशी एक मावशी आल्या. वडिलांचा दाखला हवा होता, साल माहीत नव्हतं. मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात याल का?”

“बेटा, नेपानगरहून येते गं. एक दिवसाचा रोज बुडतो.”

मला लाज वाटली. एकेका पुस्तकाची सूची चाळत गेले. पाचव्यात त्यांचे वडील सापडले.

रात्री पुण्याच्या चुलतभावाला फोन केला. दादा डेटाबेसचंच काम करतो. तो हसला. “अगं, तू रिऑर्ग केलंस! टेबलमधल्या ओळी पुन्हा नीट लावल्या की त्यांचे पत्ते बदलतात. डीबी२ मध्ये 2009 च्या 9.7 आवृत्तीपासून प्रत्येक पार्टिशनचा वेगळा इंडेक्स ठेवता येतो. सगळे इंडेक्स तसे असतील, तर एक पार्टिशन लावताना बाकीची चालू राहतात. पण एक जरी सामाईक इंडेक्स असला, तर तो नव्याने बांधावा लागतो आणि तोवर अख्खं टेबल बंद.”

“म्हणजे सामाईक वही चूक?”

“तसं नाही. साल माहीत असेल तर वेगळ्या सूच्या छान. नसेल तर प्रत्येक सूचीत डोकवावं लागतं, तू आज केलंस तसं. पानं किती वेळा हलणार आणि लोक काय विचारत येणार, ते बघून ठरव.”

मी हिशोब केला. आमची पुस्तकं क्वचितच हलतात. पण येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे फक्त एक नाव असतं.

वही पूर्ण केली. फादरांनी विचारलं, “पुन्हा पानं हलली तर?”

म्हटलं, “पुन्हा लिहू. पण या वेळी नवी तयार होईपर्यंत जुनी उसवायची नाही.”