मिरवणुकीच्या कडेला

मिरवणूक कडेने बघण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. वडिलांच्या खांद्यावर बसून येरमाळ्याच्या येडेश्वरीची पालखी पाहिली, ती पहिली. पुढे गावातला पोळा, तुळजापूरची नवरात्रातली गर्दी आणि प्राध्यापक झाल्यावर कॉलेजची ग्रंथदिंडी. प्रत्येक ठिकाणी मी आपला हाताची घडी घालून कडेला. कडेला उभे राहणाऱ्याचे एक बरे असते. त्याला चालावे लागत नाही, ओरडावे लागत नाही, आणि मत मात्र देता येते.

दोन-तीन वर्षांपूर्वी मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला पुण्याला गेलो होतो. उतरलो होतो मावशीकडे, फर्ग्युसन रस्त्याला. दुसरा मजला आणि रस्त्यावरची गॅलरी. म्हणजे माझ्यासारख्या माणसाला राखीव जागाच! सकाळचा चहा घेत बसलो होतो, तोच लांबून ढोल ऐकू आला. "आज कुणाची जयंती?" मी विचारले. काकांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता सांगितले, "जयंती नाही. ती समलिंगी लोकांची फेरी आहे. दर वर्षी असते."

'दर वर्षी असते' हे त्यांनी 'दर वर्षी पाणी तुंबते' या सुरात सांगितले.

आपल्या देशातली अशी पहिली फेरी १९९९ साली कलकत्त्यात निघाली. मुंबईत २००८ च्या ऑगस्टमध्ये निघाली आणि पुण्यात २०११ साली. पुण्यातल्या फेरीमागे बिंदुमाधव खिरे आणि त्यांचा समपथिक ट्रस्ट होता. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडविधानातले ३७७ कलम तेव्हा या लोकांच्या मानगुटीवर होते. २००९ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ते उतरवले, २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बसवले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कायमचे उतरवले. लग्नाचा हक्क मात्र २०२३ साली मागितला, तो मिळाला नाही. एवढा इतिहास मला आज सांगता येतो. त्या सकाळी मला फक्त ढोल ऐकू येत होता.

बघता बघता सगळ्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. ते म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. घरात काय करायचं ते करावं. रस्त्यावर कशाला आणायचं?" खालच्या वह्या-पेनांच्या दुकानदाराची तक्रार निराळी होती. रविवारचा धंदा बसतो, गिऱ्हाइकाला गाडी लावता येत नाही, ही. पण बोलता बोलता त्याने पाण्याच्या बाटल्यांचे खोके पुढे मांडून ठेवले होते. समोरच्या खिडकीत एका बाईंनी आपल्या मुलाला आत पिटाळले, पडदा ओढला आणि पडद्याच्या फटीतून स्वतः बघत राहिल्या. वरच्या मजल्यावरच्या आजी तेवढ्या मोकळेपणाने म्हणाल्या, "किती देखणी मुलं आहेत गं! यांच्या आयांना ठाऊक असेल का?"

"गणपतीत रात्र उलटून दुसरा दिवस उजाडला तरी रस्ता बंद असतो," मावशी म्हणाली. "तेव्हा नाही कुणी गाडीचं काढत."

"तो देव आहे," काका म्हणाले. "हे आपल्या संस्कृतीत नाही."

"फेरी निघाली कुठून? संभाजी बागेतून. बागेला लागून थिएटर कुणाच्या नावाचं? बालगंधर्वांच्या. आमची आई त्यांचं बघून पदर घ्यायला शिकली."

"ते नाटक होतं!" काका म्हणाले आणि वर्तमानपत्र घेऊन आत गेले. पण खुर्ची त्यांनी अशी ठेवली, की दारातून रस्ता दिसावा.

फेरी खालून जाऊ लागली. सहा पट्ट्यांचे रंगीत झेंडे, कुणी साडीत, कुणी झगमगीत पोशाखात, पण पुष्कळसे आपल्या-तुपल्यासारख्या शर्ट-पँटमधले. दोन्ही बाजूंनी पोलीस चालले होते. एक प्रौढ जोडपे मुलाचा हात धरून चालले होते आणि त्या मुलापेक्षा तेच जास्त जोरात घोषणा देत होते. कित्येकांच्या हातांत मराठी फलक होते. मराठीच्या मास्तराची खोड अशी वाईट, की फलकावर काय लिहिले आहे याआधी ते शुद्ध लिहिले आहे का, हे मी बघत होतो. 'आई, मी तोच आहे' असा एक फलक आला. अक्षर वळणदार होते. ओळखीचे वाटले म्हणून फलकाखालचा चेहरा पाहिला, आणि चेहराही ओळखीचा निघाला.

हा माझा विद्यार्थी. २०१४ साली बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होता. कळंब तालुक्यातल्या एका खेड्यातून एस. टी. ने यायचा. त्या वर्षी मी कॉलेजच्या वार्षिकांकाचा संपादक होतो. त्याने 'आमची विहीर' नावाचा लेख दिला होता. मोट गेली, मोटर आली, पाणी खाली गेले, असे सगळे होतेच. पण मध्ये तीन ओळी होत्या. विहिरीत पोहताना एका मित्राकडे बघून त्याला काय वाटले आणि ते कुणालाच सांगता येणार नाही हे त्याला कसे उमगले, ते त्या तीन ओळींत होते. अख्ख्या अंकात तेवढ्या तीनच ओळी खऱ्या होत्या. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला ते कळले नाही असे म्हणता येणार नाही. मला ते कळले, म्हणूनच भीती वाटली. कोर्टाचा उलटा निकाल नुकता लागला होता. संस्था काय म्हणेल, पालक काय म्हणतील! मी लाल पेनने त्या ओळी खोडल्या आणि समासात लिहिले, 'अप्रस्तुत. वगळावे.' त्याने कागद पाहिला आणि "बरं सर," म्हणाला. पुढच्या अंकाला त्याने लेख दिला नाही.

गॅलरीखाली आला तेव्हा त्याने सहज वर पाहिले. क्षणभर थांबला, फलक काखेत धरला आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. माझाही हात वर गेला. पण शेजारचे गृहस्थ बघत होते, पडद्याच्या फटीतल्या बाई बघत होत्या. माझा हात डोक्यापर्यंत गेला आणि केस सारखे करून खाली आला. चाळिशीनंतर माझ्या डोक्यावर सारखे करावे असे फारसे काही उरलेले नाही.

पायांत चपला घालून जिना उतरेपर्यंत फेरी पुढे गेली होती. दुकानदार रिकामी खोकी आवरत होता. बाटल्या सगळ्या संपल्या होत्या.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, गॅलरीत तुम्हीच होता ना? तुम्ही हात केलात, बरं वाटलं." मी "हो" म्हणालो. आयुष्यात मी विद्यार्थ्यांना पुष्कळ चुकीचे सांगितले असेल, पण इतके उघड खोटे कधी बोललो नव्हतो. तो बराच वेळ बोलला. नोकरी बरी आहे, एका मित्राबरोबर राहतो, तीन वर्षे झाली. 'मित्र' हा शब्द त्याने जरा थांबून उच्चारला. शेवटी म्हणाला, "आईला काही बोलू नका सर. मीच सांगणार आहे."

त्यानंतर वर्गात तेंडुलकर शिकवायची वेळ आली. 'शांतता! कोर्ट चालू आहे' वर मी चार तास घेतो, 'घाशीराम'वर चार. १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या 'मित्राची गोष्ट'चे मात्र फळ्यावर नाव लिहायचे आणि पुढे सरकायचे, असा माझा वर्षानुवर्षांचा प्रघात. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीचे नाटक आमच्या मराठीत इतक्या वर्षांपूर्वी होऊन गेले आणि मी मात्र 'आपल्यात हे नाही' म्हणणाऱ्यांना मूक साथ देत आलो. या खेपेला एक तास घेतला. मागच्या बाकांवर थोडे हसू झाले. एक मुलगी मात्र सबंध तास मान खाली घालून लिहीत होती. मी तिला काही विचारले नाही.

पुढच्या चैत्रात येरमाळ्याला गेलो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येडेश्वरीची पालखी आमराईकडे निघते आणि लाखो माणसे शेतात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. त्या गर्दीत मला त्याची आई भेटली. डोक्यावर पदर, मुठीत खडे. "सर, तुमचं ऐकतंय ते. लग्नाचं बगा की त्याच्या. तिशी आली."

मी काही बोलणार, तेवढ्यात संबळ वाजला आणि आराध्यांचा मेळा आला. त्यात एक पुरुष होता. हिरवी साडी, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. तो नाचत समोर आला, तशी बाईंनी परडीत जोगवा घातला आणि वाकून त्याच्या पायांवर डोके ठेवले. आजूबाजूला कुणीही पडदा ओढला नाही, कुणी मुलांना दूर नेले नाही. आराध्याची साडी ही एक गोष्ट आणि माझ्या विद्यार्थ्याचे मन ही दुसरी, त्यांची गल्लत करू नये हे मला कळते. पण काकांचे 'ते नाटक होतं' मला तेव्हा आठवले. नाटक म्हटले की आपल्याला सगळे चालते. देवीचे म्हटले की चालते, थट्टा म्हटली की तर फारच चालते. कुणी फलक धरून 'हा मी आहे, रोजचा आहे' असे म्हणाला, की तेवढेच आपल्याला रस्ता अडवल्यासारखे वाटते. 'घरात काय ते करा' म्हणणारे माझे शेजारी चांगले गृहस्थ आहेत. पण त्या मुलाला घरातच तर करता येत नव्हते, म्हणून तो रस्त्यावर आला होता. आणि त्याच्या घराचे एक दार मीही, लाल पेनने का होईना, लावून घेतले होते.

बाई उत्तरासाठी थांबल्या होत्या. त्याचे गुपित सांगणे माझ्या हाती नव्हते आणि लग्नाचा उपदेश करायला आता जीभ वळत नव्हती. मी एवढेच म्हणालो, "त्याच्यावर जोर करू नका. त्याला काही सांगायचं असेल तर ऐकून घ्या. मुलगा चांगला आहे तुमचा."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. मग मुठीतले खडे ढिगावर टाकले, हात झटकले आणि म्हणाल्या, "चांगलाच हाय की. म्या कवा न्हाई म्हनलं?"

त्यांना किती ठाऊक होते, ते मला अजून कळलेले नाही. मी खाली वाकलो आणि खडे वेचू लागलो. लहानपणापासून ती यात्रा बघत आलो, पण वाकून खडा उचलण्याची ती माझी पहिलीच वेळ.