नेम आणि चालू काळ

गौलीगुड्याच्या राममंदिरापासून दरवर्षी हनुमान जयंतीची मिरवणूक निघते व सिकंदराबादेस ताडबंदच्या मारुतीपर्यंत जाते. हेच आपल्यांपैकी कोणी इंग्रजीत सांगू लागला, की हटकून म्हणतो, 'एव्हरी इयर इट इज गोइंग.' 'आय ॲम कमिंग टु टेंपल डेली' हे वाक्यही मंडपात आम्ही नित्य ऐकतो.

इंग्रजी शाळेत जाणारी नातवंडे यास हसतात. हसण्यापूर्वी त्यांनी मराठी व्याकरण उघडून पाहावे. 'मी देवळात जात आहे' हा अपूर्ण वर्तमानकाळ. 'मी देवळात जात असतो' हा रीतिवर्तमानकाळ. पहिला आत्ताची वाट सांगतो, दुसरा रोजचा नेम. 'आहे' आणि 'असतो' यांतील हा भेद इंग्रजीत 'ॲम' या एकाच शब्दात बुडून जातो. आमच्या कोकणी बांधवांचे 'हांव देवळांत वतां' तर आत्ताचे आणि रोजचे, दोन्ही एकाच रूपात सांगते. तेव्हा या चुकीचे मूळ अज्ञानात नसून मातृभाषेच्या सवयीत आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजात जन्मलेले मुंबईचे इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांनी मिस पुष्पांच्या निरोपावरील आपल्या प्रसिद्ध कवितेत हीच लकब विनोदाने टिपली आहे.

तथापि कारण कळले म्हणून चूक योग्य ठरत नाही. इंग्रजी कानास या चालू काळात तात्पुरतेपणा जाणवतो. 'वुई लिव्ह इन गौलीगुडा' म्हणणारा तेथील रहिवासी. 'वुई आर लिव्हिंग' म्हणणारा सध्यापुरता टेकलेला. हैदराबादेत विवेकवर्धिनी १९०७ साली स्थापन झाली. येथील मराठी वस्तीस शतक केव्हाच उलटून गेले. अशा घरातील माणसाने आपल्याच तोंडाने स्वतःस पाहुणा ठरवावे, हे आम्हांस रुचत नाही. तसेच 'द प्रीस्ट इज ऑलवेज रिंगिंग द बेल' असे म्हटल्यास पुजाऱ्याविरुद्ध तक्रारच केल्यासारखे होते!

म्हणून मुलांस हा नियम अवश्य शिकवावा: नेमाच्या गोष्टीस साधा काळ, आत्ताच्या गोष्टीस चालू काळ. परंतु वडीलधाऱ्यांस चारचौघांत अडवू नये. एकदा हसे झालेली आजी परदेशी सुनेशी पुन्हा बोलावयास धजत नाही, आणि मग घरातील कितीतरी गोष्टी त्या सुनेस कधीच कळत नाहीत. आजीच्या वाक्यातला काळ चुकला असेल, पण देवळात जाण्याचा तिचा नेम आजवर चुकलेला नाही, हे त्या सुनेस कोणीतरी नीट इंग्रजीत समजावून सांगावे.