फक्त बघायचं



मे महिन्यात लेकीची नीट झाली. उत्तरं ताडून पाहिली तर सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण नव्हते, आणि खासगी कॉलेजची फी आमच्या कॅम्प ४ मधल्या छोट्या दुकानाला पेलणारी नाही. घरात मग एकच विषय, ड्रॉप घ्यायचा का?

माझी शंका वेगळी होती. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. आजारी माणसाजवळ उभं राहवेल का, हे त्यात कोणी विचारत नाही. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी मुलांनी दवाखान्यात काय अनुभव घेतला तेही बघतात. आपल्याकडे २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून पहिल्याच वर्षी पेशंटशी ओळख होते, पण तोवर प्रवेश झालेला असतो, फी भरलेली असते.

म्हणून आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "येऊ दे. फक्त बघायचं, हात लावायचा नाही. पेशंट नको म्हणाला तर बाहेर."

पहिल्याच दिवशी एका सिंधी आजींच्या पायाचं ड्रेसिंग होतं. मधुमेहाची जखम. पट्टी सुटली, वास आला आणि आमच्या बाईसाहेब भिंतीला टेकून खाली बसल्या. फोन आला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. सुटलो एकदाचे! मुंगी मेली तरी हळहळणारी पोर, हे तिचं काम नव्हे, असं सासूबाईंना सांगूनही टाकलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, वैयावृत्त्य तपात मोजतात. सोपं असतं तर तप कशाला म्हटलं असतं?"

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. जखमेकडे बघितलंच नाही, आजींशी बोलत बसली. त्या सिंधीत, ही हिंदीत. आजींनी बरं वाटतंय म्हणून साखरेच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या, हे तेव्हा कळलं. चौथ्या ड्रेसिंगला तिने पायाकडे पाहिलं. महिनाभर गेली. सूर्यास्ताआधी डबा पोचवायचं काम माझं.

आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांना ही वाट स्वतःचं दहा दिवसांचं बाळ गमावून सापडली होती. माझ्या लेकीला नुसतं कोपऱ्यात उभं राहायला लागलं.

ड्रॉप घेतलाय, एकच वर्ष. रविवारी क्लास नसला की आजींचा पाय कसा आहे ते विचारून येते.