आईने समुद्र पाहिला

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही शिवाजी पार्कच्या मंडपात रात्र काढली. आई, मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी. बाभूळगाव तालुक्यातून धामणगाव स्टेशनवर येऊन आम्ही गाडी धरली होती. परतीची गाडी ७ तारखेच्या रात्रीची. चैत्यभूमीच्या पाठीशीच समुद्र, पण एवढ्या गर्दीत आईला तो धड दिसलाच नाही. साठी ओलांडलेल्या माझ्या आईने बेंबळा धरणाहून मोठं पाणी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी शेजारच्या रायगडकडच्या बाई म्हणाल्या, "ताई, दिवस मोकळा आहे ना? गेटवेवरून लाँच धरा. तासाभरात मांडवा, तिथून बसने अलिबाग."

आई ऐकेना. "कायले पैशे खर्च करतं? वावरात कापूस फुटून रायला. चार दिवसाची मजुरी आधीच बुडाली."

तिचं खोटं नव्हतं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. न वेचलेल्या दिवसाचे पैसे कोण देणार? पण तिचे वेचून वेचून चिरलेले हात पाहिले आणि मी साडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले. मुलीने तर आजीचा हात धरून चालायलाच सुरुवात केली!

लाँच हलली तशी आईने डोळे मिटले. मांडवा आल्यावर मात्र, "एवढ्यात आलं?" म्हणाली.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांच्या काळात त्याचं बांधकाम सुरू झालं. ओहोटीला तिथे पायी जाता येतं, भरतीला होडी लागते. चंद्राच्या ओढीने समुद्राला साधारण दिवसातून दोनदा भरती येते, आणि तिची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. म्हणून स्थानिक माणसाला वेळ विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. आम्ही विचारूनच निघालो.

किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी! उन्हाळ्यात हंड्याहंड्यासाठी रांगेत उभी राहिलेली आई त्या विहिरीच्या काठावर किती तरी वेळ उभी होती. याच रायगड जिल्ह्यात महाड आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी सर्वांसाठी मोकळं करण्याचा सत्याग्रह केला तो तिथेच, हे मी मुलीला सांगितलं.

आणि आणखी एक गोष्ट. अलिबाग तालुक्यातल्याच चरी गावी खोतांच्या जुलमाविरुद्ध कुळांनी १९३३ ते १९३९ संप केला. शेती कसायचीच नाही, असं ठरवलं. बाबासाहेबांनी त्यांची बाजू घेतली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेल्या आईने एवढंच विचारलं, "सहा वर्स जमीन नाई पेरली, मंग लेकराइले खाऊ काय घातलं?"

मला उत्तर देता आलं नाही.

परतताना पाणी गुडघ्याला लागलं. थोडा उशीर झाला असता तर होडीचे पैसे पडले असते. किनाऱ्याजवळच्या बाजारात एक बाई सुकट-बोंबील विकत होती. आई थांबली. "अवो माय, आमच्या आठवडी बाजारात येते ते बोंबील इथचे काय?" दोघींचं भावावरून लगेच जमलं. आईने पाव किलो सुकट बांधून घेतली.

रात्री वेळेवर गाडी मिळाली. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आई वेचणीला गेली. दुपारच्या शिदोरीत सुकटीची चटणी होती. बायांनी विचारलं, समुद्र कसा असते? आई म्हणाली, "खारा. पण मधात गोड्या पाण्याची हीर हाय."

पुढच्या वर्षी आणखी तिघी यायचं म्हणताहेत. त्यांच्यासाठी आतापासून आठवड्याला दहा-दहा रुपये डब्यात टाकणं सुरू झालं आहे.