धुळे ते अमळनेर : न्यायाचे दोन धडे

मंडळी, कापूस-केळीच्या व्यवहारासाठी धुळे-जळगावकडे आपले जाणे होतेच. पुढच्या खेपेला बाजार उरकला की दोन शाळा पाहून या. बाहेरून पाहिल्या तरी चालेल.

पहिली धुळ्याची. पांझराकाठच्या या शहरात कनोसा भगिनींची कॉन्व्हेंट शाळा आहे. या कॅथलिक भगिनींच्या संघाचा उगम इटलीतील व्हेरोना शहरात १८०८ साली झाला. मॅग्डलीन ही तेथील सरदार घराण्यातली मुलगी. वाडा सोडून ती गरीब वस्तीतल्या मुलींना शिकवायला गेली.

कॅथलिक घरातल्या मुलांना धर्मशिक्षणात बायबलातली एक गोष्ट सांगतात. ती तर आपल्या शिवारातलीच वाटते. एका मळेवाल्याने पहाटे मजूर लावले, दुपारी लावले, दिवस कलल्यावर आणखी काही लावले. संध्याकाळी मजुरी मात्र सर्वांना सारखीच दिली. पहाटेचे मजूर कुरकुरले. तुम्हीही कुरकुराल! पण उशिरा आलेले काही झोपून राहिले नव्हते. त्यांना कोणी काम दिले नव्हते, आणि त्यांच्या घरी पीठ तेवढेच लागणार होते. पोटाला पुरेल एवढी मजुरी हा कामकऱ्याचा हक्क आहे, असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये जगाला बजावले.

आता एस.टी.ने बोरीकाठच्या अमळनेरला चला. येथील प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. धर्म निराळा, धडा तोच. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, कपडे धूत. कोणतेही काम हलके नाही, हे मुलांना तोंडाने सांगावे लागले नाही. पुढे गुरुजींनी शेतसाऱ्याच्या सुटीसाठी खानदेशचे शेतकरी उभे केले. पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात १० दिवस उपोषण केले. अखेर दारे उघडली.

वाचकहो, आज सालदाराचा मुलगा आपल्या मुलाशेजारी बाकावर बसतो. तोच आपल्या दारी आला तर त्याला पाणी कोणत्या पेल्यात देतो आपण? आपले मूल ते पाहत असते. शाळेत गिरवलेला धडा पक्का होतो तो तिथे, आणि पुसला जातो तोही तिथेच.