उभयपदी गाडी

आमच्या नातेपुते गावी जीप ह्या वाहनाची ओळख कोणास करून द्यावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी निर्माण झालेल्या ह्या गाडीची जुळणी १९४७ साली महिंद्रांनी मुंबईस सुरू केली, आणि कालांतराने ती शिखर शिंगणापूरच्या यात्रेकरूंपासून माळशिरसच्या बाजारकऱ्यांपर्यंत सर्वांची वाहिनी झाली. दहांच्या जागी अठरा माणसे कोंबून, वर दोघांना मागे लोंबकळत ठेवून धावणारे ‘वडाप’ आम्ही पुष्कळ अनुभविले आहे. निवडणुकीच्या कामावर असता रात्री-अपरात्री माणच्या सीमेवरील खडकाळ वाटांनी जीपमधून जाण्याचा योगही आम्हांस अनेकदा आला. त्यामुळे खडखडाट, धूर आणि डिझेलचा वास म्हणजे जीप, अशी आमची व्याख्या कायम होऊन बसली होती. ती व्याख्या २०२४ सालच्या उन्हाळ्यात आमच्या कन्येच्या दारी मोडली; आणि तिच्याबरोबरच आमची स्वतःविषयीची एक समजूतही मोडली. ती दुसरी गोष्ट सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आमची कन्या व जामात अमेरिकेत कोलोरॅडो संस्थानातील डेन्व्हर शहरी राहतात. आम्ही व आमचे कुटुंब त्यांच्याकडे प्रथमच गेलो होतो. विमानतळावर कन्या आम्हांस घेण्यास आली ती उंच चाकांच्या, चौकोनी बांध्याच्या एका दणकट गाडीतून. “अगोबाई, ही तर आपली जीपच!” असे उद्गार कुटुंबाने काढले. परंतु घराजवळच्या गल्लीत शिरताच गाडीचा आवाज अजिबात थांबला आणि गाडी मात्र चालतच राहिली. आम्ही घाबरून म्हणालो, “ताई, इंजिन बंद पडले वाटते!” तेव्हा कन्या हसून म्हणाली, “नाही अण्णा, आता ती विजेवर चालली आहे.”

पुढे चार दिवस आम्ही तिच्याकडून त्या गाडीचे शास्त्र समजून घेतले. एकाच गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटार अशी दोन्ही असतात. ही कल्पना आजची नव्हे. फर्डिनंड पोर्शे ह्या तरुण अभियंत्याने १९०० च्या सुमारास व्हिएन्ना येथे अशी गाडी बनविली होती व तिला ‘सदैव जिवंत’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. आपण तिला ‘चिरंजीव’ म्हटले असते. पुढे १९९७ साली जपानात टोयोटाने ‘प्रियस’ ही संकर जातीची गाडी बाजारात आणली. परंतु तिची बॅटरी गाडीतल्या गाडीतच भरावी लागे. घरच्या भिंतीतील विजेने बॅटरी भरता यावी आणि शिवाय चारही चाकांना जोर मिळावा, अशी गाडी मित्सुबिशीने २०१३ साली जपानात विक्रीस काढली. कन्येची गाडी त्याच प्रकारातली. फक्त डोंगरदऱ्यांसाठी मुद्दाम घडविलेली. तिच्या बॅटरीत सुमारे १७ युनिट वीज मावते व तेवढ्यावर ती वीस-बावीस मैल जाते. बॅटरी सरली की पेट्रोल आहेच. कन्येची कचेरी आठ मैलांवर असल्याने तिचे रोजचे जाणे-येणे विजेवरच होते. आठवडेच्या आठवडे पेट्रोल लागत नाही. ते टाकीत पडून शिळे होऊ नये म्हणून मधूनमधून इंजिन आपण होऊन चालू होते, हे ऐकून तर आमच्या कुटुंबास लोणच्याची बरणी अधूनमधून हलवावी लागते त्याची आठवण झाली.

‘संकर’ हा शब्द मात्र आमच्या कानास रुचेना. आम्ही त्या गाडीस ‘उभयपदी’ असे नाव दिले. संस्कृत धातू परस्मैपदी, आत्मनेपदी आणि उभयपदी असे तीन प्रकारचे असतात, हे शाळेत शिकलेल्या वाचकांस आठवत असेल. उभयपदी धातूचे दोन्ही प्रकारे रूप होते. पण पाणिनीने त्यात एक सूक्ष्म भेद सांगितला आहे. क्रियेचे फळ करणाऱ्याकडेच येत असेल तर आत्मनेपद, दुसऱ्याकडे जात असेल तर परस्मैपद. ऋत्विज यजमानासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’. यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा ‘यजते’. धातू एकच, यज्ञही एकच. भेद पडतो तो फळाच्या दिशेने. ही गाडी तशीच आम्हांस वाटली. पेट्रोलवर धावते तेव्हा सोय आपली आणि धूर शेजाऱ्याचा. विजेवर चालते तेव्हा गल्लीतील तान्हे मूल झोपलेले राहते आणि वाटेवरच्या माणसाच्या नाकातोंडात काही जात नाही. तिकडची वीजही काही अंशी कोळशाचीच, हे आम्ही विसरलेलो नाही. तथापि वाऱ्यावर निर्माण होणाऱ्या विजेचा भागही त्या संस्थानात मोठा आहे.

परंतु कोणते पद योजावयाचे हे गाडी ठरवीत नाही, मालक ठरवितो. आणि तेही दररोज रात्री. प्लग भिंतीत लावला तर उद्या परस्मैपद, आळस केला तर आत्मनेपद. हे केवळ आमचे तर्कट नव्हे. युरोपीय आयोगाने २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळून आले की, अशा गाड्या रस्त्यावर जो कर्बवायू सोडतात तो प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट आहे. कारण उघड आहे. प्रयोगशाळेत धरले होते तितके लोक त्या विजेवर चालवीत नाहीत. गाडी घेताना पुण्य पदरी पडले असे वाटते. पण पुण्य त्या दोरीत असते आणि ती रोज लावावी लागते. नित्यकर्माचा नियम तो हाच.

कन्येच्या घरी हे नित्यकर्म आमच्या दहा वर्षांच्या नातवाकडे सोपविलेले होते. रात्री जेवण झाले की तो गॅरेजमध्ये जाऊन गाडीस प्लग लावी. घरच्या साध्या विजेवर बॅटरी भरावयास बारा-एक तास लागत, म्हणून रात्री चुकले की दुसरा दिवस गेलाच.

आषाढात एका शनिवारी मॉस्किटो नावाच्या खिंडीत जाण्याचे ठरले. त्याच आठवड्यात इकडे नातेपुत्यास माउलींच्या पालखीचा मुक्काम झाला होता. इतक्या वर्षांत तो प्रथमच चुकल्यामुळे आम्ही मनाने अस्वस्थ होतो, व कन्येने आमचे मन रमविण्यासाठीच हा बेत केला होता. जामात कामानिमित्त परगावी होते. शहरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचे ऐंशीपंचाऐंशी मैल पेट्रोलवर जावयाचे, बॅटरीतील वीज राखून ठेवावयाची आणि चढण सुरू झाली की विजेवर निःशब्द वर जावयाचे, असा तिचा विचार होता. विजेचे ते बटण दाबण्याचा मान नातवाचा. तो तीन दिवस त्याविषयीच बोलत होता.

आता आमचा अपराध. निजण्यापूर्वी घरभर हिंडून सर्व खटके बंद करावयाचे, ही आमची चाळीस वर्षांची सवय. शुक्रवारी रात्री पाणी पिण्यास उठलो असता गॅरेजच्या दारातून एक हिरवा दिवा मिणमिणताना दिसला. खटका कोठे सापडेना, तेव्हा प्लगच ओढून काढला, दोरीची व्यवस्थित वळकटी करून ठेविली आणि समाधानाने निजलो. गाडीस ती दोरी रोज लागते, हे आम्हांस ठाऊक होते. पण सवय हाताची असते. तिला ठाऊक असण्याशी कर्तव्य नसते.

सकाळी गाडी सुरू करताच कन्येच्या कपाळावर आठी पडली. बॅटरी जवळजवळ रिकामी होती. तिने मुलास विचारले, “काल प्लग लावला होतास का?”

“लावला होता, आई.”

“मग बॅटरी का भरली नाही? दोरी तर गुंडाळून ठेवलेली आहे. विसरलास तर विसरलो म्हण. खोटे बोललेले मला चालणार नाही.”

मुलाच्या डोळ्यांत पाणी तरळले. तो पुन्हा इतकेच म्हणाला, “मी लावला होता.” कन्येने पुढे काही न बोलता गाडी बाहेर काढली.

वाचकहो, ज्याने सारा जन्म मुलांना सत्य बोलण्याचा उपदेश केला, तो त्या क्षणी गप्प राहिला. दोरी कोणी गुंडाळली ते आम्हांस त्याच पळी उमगले होते. परंतु तोंडातून शब्द फुटेना. परक्या देशात, मुलीच्या घरी, आपल्या हातून नासधूस झाली, हे सांगण्याची लाज वाटली. थोड्या वेळाने सांगू, असे मनाशी म्हटले. आणि ती थोडी वेळ मैलामागून मैल लांबत गेली. नातू खिडकीबाहेर पाहत बसला होता. क्रिया आमची आणि फळ त्याच्या वाट्यास, हे व्याकरण आम्हांस त्या वाटेवर जितके कळले तितके पन्नास वर्षांत कळले नव्हते.

फेअरप्ले हे खाणवाल्यांचे जुने गाव मागे टाकल्यावर खडीचा रस्ता लागला आणि पुढे तोही संपून केवळ धोंड्यांची वाट उरली. चांदीच्या खाणींचा सुकाळ असताना, १८७९ साली, ह्या खिंडीतून लेडव्हिल गावाकडे घोडागाड्यांसाठी जकातीचा मार्ग खुला झाला होता. खिंड १३,१८५ फूट उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट. कन्येने चारही चाकांस जोर देणारा मंदगतीचा गिअर टाकला. हवा विरळ होत गेली तसतसे इंजिन घोगऱ्या आवाजात धापा टाकू लागले. विजेच्या मोटारीस श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळे उंचीवर तिचा जोर घटत नाही. शिवाय उभ्या गाडीसही ती पहिल्या क्षणापासून पूर्ण ओढ देते. रिकाम्या बॅटरीतही गाडी थोडी वीज राखून ठेवते, म्हणून मोठ्या धोंड्यावर चढताना तिचे साहाय्य होत होते. पण बहुतेक भार इंजिनावरच होता. चैत्रात शंभुमहादेवाच्या यात्रेस मुंगी घाटाने कावडी चढतात, तेव्हा माणसांची साखळी करून ज्या कष्टाने त्या वर नेतात, त्याची आम्हांस आठवण झाली. प्रत्येक गचक्यास आम्हांस वाटे, हा आवाज आमच्यामुळे आहे.

माथ्यावर बोचरा वारा होता. तेथे जॉन डायर नावाच्या धर्मोपदेशकाचे दगडी स्मारक आहे. १८६४ च्या सुमारास ऐन हिवाळ्यात, पायांस लाकडी फळ्या बांधून, बर्फावरून तो ह्या खिंडीतून टपालाची थैली पाठीवर नेत असे. दुसऱ्याची पत्रे पोहोचविण्यासाठी मृत्यूच्या दाढेतून जाणाऱ्या त्या माणसापुढे आम्ही उभे राहिलो, आणि मग आणखी गप्प राहवेना. कन्येस व नातवास जवळ बोलावून आम्ही सांगितले, “प्लग ह्याने लावला होता. रात्री आम्ही तो काढला. सकाळीच सांगावयास हवे होते. धीर झाला नाही.”

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग नातू म्हणाला, “म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो.” आमच्यावर रागावणे त्याच्या मनातही आले नाही, आपला शब्द खरा ठरला एवढेच त्यास पुरे होते. कन्या खाली वाकून त्यास म्हणाली, “चुकले माझे, बाळ. मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता.” आमच्याकडे वळून ती फक्त म्हणाली, “अण्णा, वारा फार आहे, कानाला मफलर गुंडाळा.” त्या मफलरीखाली आम्ही काय लपविले ते कुटुंबास समजले असावे, कारण त्याने मुकाट्याने आमच्या हातावर हात ठेविला.

लेडव्हिलकडे उतरू लागलो तेव्हा एक नवल पाहिले. उतारावर गाडी रोखताना ब्रेकच्या घर्षणात जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग येथे मोटारच जनित्राचे काम करू लागल्याने विजेच्या रूपाने बॅटरीत परततो. आम्ही मनाशी गणित मांडले. माणसांसह अडीच हजार किलोंची गाडी सुमारे तीन हजार फूट खाली आली तर सहाएक युनिट शक्ती मोकळी होते. खाचखळगे आपला वाटा घेतात. तरी पायथ्याशी पोहोचलो तेव्हा बॅटरीत तीन मैलांपुरती वीज जमलेली होती. कन्येने गाडी थांबविली व नातवास पुढे बसविले. त्याने बटण दाबले. इंजिन शांत झाले आणि लेडव्हिलच्या जुन्या रस्त्यांतून आम्ही निःशब्द गेलो. जे आम्ही वाया घालविले होते, त्यातील थोडेसे डोंगराने परत दिले.

आपल्या देशात अशा गाड्या अद्याप फारच विरळा, आणि ज्या आहेत त्या धनिकांच्या. २०२५ च्या सप्टेंबरापासून विजेच्या गाडीवर ५ टक्के, तर मोठ्या संकर गाडीवर ४० टक्के कर आहे. त्यामुळे नातेपुत्याच्या रस्त्यावर ती इतक्यात दिसेल असे नाही. सरकारास प्रत्येकाच्या गॅरेजात डोकावून प्लग लावला की नाही हे पाहता येत नाही. ते पाहणारा घरातीलच कोणी असावा लागतो. पुष्कळदा तो दहा वर्षांचा असतो, आणि त्याचा शब्द खरा मानावा लागतो.

इकडे परत आल्यावर खटके बंद करण्याची आमची सवय सुटलेली नाही. फक्त आता हात पुढे करण्यापूर्वी आम्ही मोठ्याने विचारतो, “हे कोणाचे चालू आहे?” कुटुंब आतून हसते. रविवारी नातवाचा फोन आला की तोही प्रथम तेच विचारतो, “आजोबा, आज कोणाचा प्लग काढला नाही ना?”