मागे उभा राहणारा

मैत्रिणींनो, फुटबॉलवर लेख आणि तोही आपल्या या पानावर? कैरीच्या लोणच्याला मीठ किती घालावे ते सांगायचे सोडून हिला हे काय सुचले, असे तुम्ही म्हणाल. म्हणा खुशाल! पण ज्यांच्या घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आहे त्यांना माझे म्हणणे पटेल. चिखलाने माखलेले मोजे बादलीत भिजत घालता घालता त्या खेळाची भाषा आपोआप कानांवर पडते आणि अंगवळणीही पडते. मला तर आता ऑफसाइड म्हणजे काय तेही समजते. आमच्या 'ह्यां'ना ते अजून नीट समजलेले नाही, हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे.

आम्ही भाईंदर पश्चिमेला राहतो. खाडी, मिठागरे आणि त्यांच्या अलीकडे दाटीवाटीने उभ्या इमारती, असे आमचे गाव. मोकळी जागा मोजकी. जे मैदान आहे तिथे कधी मांडव, कधी मेळा, कधी सभा. उरलेल्या दिवसांत क्रिकेटचे पाच-सहा डाव एकाच वेळी चाललेले. त्यातूनच एक कोपरा धरून काही मुले फुटबॉल खेळतात आणि त्यांना शिकवायला एक सर येतात. आमचे थोरले चिरंजीव त्यांतलेच. दोन वर्षे ते पुढच्या फळीत खेळत होते. गोल मारला की घरी येताना जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढायचे, म्हणजे मला दार उघडायच्या आधीच निकाल कळायचा.

गेल्या पावसाळ्यात सरांनी त्याला मागे नेले आणि स्टॉपर केले. स्टॉपर म्हणजे गोलरक्षकाच्या पुढ्यात मधोमध उभा राहून समोरच्यांची चढाई अडवणारा. झाले! त्या रात्री स्वारी नीट जेवली नाही. "आई, मला मागे टाकलंय. मागच्याकडे कोण बघतं? मी आता जाणारच नाही."

ह्यांनी लगेच संधी साधली. "नको जाऊस. पुढच्या वर्षी नववी, मग दहावी. बरंच झालं." सासूबाईंचे मत, उन्हात करपून काळे होण्यापेक्षा घरी बसलेले काय वाईट? मला मात्र ते पटेना. अभ्यासासाठी खेळ सोडला तर एक वेळ समजू शकते. पण 'मला मागे उभे केले' म्हणून सोडायचा? उद्या नोकरीत, संसारात कुणी ह्याला मागे उभे केले तर हा काय काय सोडत जाणार?

उपदेश मुलांना नको असतो, उदाहरण लागते. ते शोधताना मला आपल्या शेजारच्या गोव्यातला एक माणूस सापडला. त्यांचे नाव महेश गवळी.

तुमच्यापैकी किती जणींनी हे नाव ऐकले आहे? बायचुंग भुतिया ऐकला असेल, सुनील छेत्री तर नक्कीच. हे दोघे गोल मारणारे. गवळी अडवणारे. त्यांचा जन्म 1980 चा. 1999 पासून दहा वर्षांहून अधिक काळ ते भारताच्या संघातून खेळले. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळले, मग कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. 2003 साली ईस्ट बंगालने जकार्त्यात आग्नेय आशियातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात थायलंडच्या संघाला 3-1 असे हरवून. त्या संघाच्या बचावफळीत गवळी होते. नंतर गोव्याच्या धेंपो क्लबात समीर नाईक आणि ते असे दोन गोवेकर मागची बाजू सांभाळत. धेंपोने 2007-08, 2009-10 आणि 2011-12 अशी तीन वेळा आय-लीग जिंकली. विजयाच्या बातम्यांत गोल मारणाऱ्यांची नावे येत. झालाच नाही त्या गोलाची बातमी कोण छापणार?

हे काम किती अवघड असते ते समजायला आपण कबड्डी आठवू या. शाळेत आपण सगळ्याच जणी खेळलो आहोत. चढाई करणारी एकटी येते, टाळ्या तिला. पण तिला पकडायचे तर आपली साखळी तुटता कामा नये. एकीने पाय धरायला झेप घेतली की दुसरीने मागची रेषा अडवायची. दोघी एकदम धावल्या तरी गेले आणि दोघी थांबल्या तरी गेले. फुटबॉलमधल्या दोन स्टॉपरांचेही तसेच. एक चेंडूवर जातो, दुसरा त्याच्या मागची मोकळी झालेली जागा राखतो. सगळी फळी एका ओळीत पुढे सरकली तर समोरचा गडी ऑफसाइडमध्ये सापडतो. एक जण जरी मागे रेंगाळला तरी तो सुटतो. म्हणजे नव्वद मिनिटे आपल्या सोबत्याकडे एक डोळा ठेवायचा आणि दुसरा चेंडूवर. पाहुणे दारात आणि दूध गॅसवर असताना जावाजावांनी घर सांभाळावे, तसेच हे.

आणि मागचा माणूस कधी पुढे जातच नाही असे थोडेच आहे? डिसेंबर 2005 मध्ये दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना कराचीत झाला, भारत विरुद्ध बांगलादेश. भारताने तो 2-0 असा जिंकला. दुसरा गोल भुतियाचा. पहिला कुणाचा? महेश गवळींचा! हे ऐकून आमच्या चिरंजीवांनी पहिल्यांदा मान वर केली.

पण मला स्वतःला भावली ती पुढची हकिगत, 2023 सालची. तोवर गवळी खेळाडू राहिले नव्हते. भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले होते. मुख्य प्रशिक्षक होते क्रोएशियाचे इगोर स्टिमाच. त्या वर्षी जून-जुलैत सॅफ स्पर्धा बंगळुरूला झाली. पहिल्याच सामन्यात, पाकिस्तानविरुद्ध, स्टिमाच यांनी समोरच्या खेळाडूला बाहेरून चेंडू फेकताना मध्येच अडवले आणि पंचांनी त्यांना लाल कार्ड दाखवून बाहेर काढले. नेपाळविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या जागी गवळी उभे राहिले. भारत 2-0 ने जिंकला. कुवेतविरुद्ध स्टिमाच परतले आणि पुन्हा लाल कार्ड! आता त्यांच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. ते सामने कोणते, तर उपांत्य आणि अंतिम.

त्याच कुवेतच्या सामन्यात आणखी एक गोष्ट घडली. भारत 1-0 असा पुढे होता. खेळ संपत आला असताना चेंडू परतवायच्या प्रयत्नात आपलाच बचावपटू अन्वर अली याच्या हातून स्वतःच्याच गोलात गोल झाला. 1-1. पुढच्याची चेंडू मारायची संधी हुकली तर लोक हळहळतात. मागच्याचे चुकले तर फलकावर आकडा चढतो. त्या पोराला त्या रात्री झोप लागली असेल का, असे मला वाटून गेले. आईचे मन, दुसरे काय!

आणि अशा वेळी बाजूच्या रेषेवर उभे होते गवळी, जन्मभर त्याच जागेवर खेळलेले. उपांत्य सामन्यात लेबनॉनविरुद्ध एकही गोल झाला नाही. पेनल्टीच्या फटक्यांवर भारत 4-2 ने जिंकला. 4 जुलैला अंतिम सामना, पुन्हा कुवेतशीच. अन्वर अली बचावफळीत होताच. 1-1 अशी बरोबरी, पाच-पाच फटक्यांनंतरही बरोबरी. मग सहाव्या फटक्यावर महेश सिंगने गोल केला, गोलरक्षक गुरप्रीतसिंगने कुवेतचा फटका अडवला आणि भारताने सॅफ स्पर्धा नवव्यांदा जिंकली. नोंदीत मुख्य प्रशिक्षक म्हणून स्टिमाच यांचेच नाव आहे, आणि ते रीतसरच आहे. संघ त्यांनी बांधला होता. पण अवघड घडीला रेषेवर कोण उभे होते, तेही आपण लक्षात ठेवायला हरकत नाही.

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. हे स्टिमाचही मूळचे बचावपटूच. 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातले. त्यांच्या काही वर्षे आधी, 2012 साली, आपल्या संघाला विम कूव्हरमान्स नावाचे हॉलंडचे प्रशिक्षक लाभले होते. तेही बचावपटू. 1988 साली हॉलंडने युरोपचे अजिंक्यपद जिंकले तेव्हा वीस जणांच्या संघात त्यांचे नाव होते, पण पूर्ण स्पर्धेत त्यांना एक मिनिटही मैदानावर उतरायला मिळाले नाही. बाकावर बसून त्यांनी सारे पाहिले. त्यांच्या हाताखाली भारताने 2012 चा नेहरू चषक जिंकला, कॅमेरूनला पेनल्टीवर हरवून. समीर नाईकही पुढे धेंपोचे प्रशिक्षक झाले. मागे उभे राहिलेल्यांना शिकवता येते, याचे कारण मला साधे दिसते. पुढच्याच्या समोर फक्त गोल असतो. मागच्याच्या डोळ्यांपुढे सगळा खेळ असतो.

आता थोडे माझे सांगते. मी बी.ए. झाले, लग्न झाले, बी.एड. राहिले ते राहिलेच. एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास तितके पैसे, मे महिन्यात काही नाही. कुणी रजेवर गेले की तो वर्ग माझा. दोन वर्षांपूर्वी एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि दहावीचा इतिहास पाच महिने माझ्याकडे आला. निकाल चांगला लागला. सत्कार झाला तेव्हा पाटीवर नाव त्यांचे होते. त्या बाईंवर माझा राग नाही, त्यांनी पाया घातला होता. पण घरी येऊन कुकर लावताना डोळ्यांत पाणी आले ते कांद्याने नव्हे.

म्हणून गवळींची हकिगत मुलासाठी शोधली खरी, पण ती निम्मी माझ्यासाठीच होती.

इथे एक धोका आहे, मैत्रिणींनो. अशा गोष्टीचा शेवट आपल्याकडे ठरलेला असतो: 'बायकांनी मागे राहावे, गुपचूप करावे, फळाची आशा धरू नये.' हे आपण इतके ऐकले आहे की पाठ झाले आहे. मी हे सरांच्या कानावर घातले. एकदा मुलाला न्यायला गेले होते तेव्हा म्हटले, "मागे उभं राहणाऱ्याला फार सोसावं लागतं, नाही का हो?" सर हसले. म्हणाले, "ताई, तुमच्या मुलाला मी रोज ओरडतो ते कशासाठी? तो मागे गप्प उभा राहतो म्हणून. स्टॉपरने सारखं बोललं पाहिजे. पुढच्यांना मागचं दिसत नाही, सांगणार कोण? गप्प स्टॉपर म्हणजे मैदानातला खांब."

हे वाक्य मी पदराला गाठ मारून घरी आणले. मागे उभे राहणे आणि गप्प राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत! दुसऱ्या आठवड्यात मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. म्हटले, "बाई, पाटीवर नाव नको. पण पाच महिने दहावीचा वर्ग मी घेतला, एवढं शाळेच्या कागदावर लिहून द्या." त्या क्षणभर पाहत राहिल्या. मग दिले. दोनच ओळी आहेत, खाली सही आणि शिक्का. ते पत्र मी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले आहे. यंदा बी.एड.ची चौकशीही केली आहे. 'हे' म्हणतात, घरी कोण बघणार? बघू, मी अजून बोलते आहे.

आमचे चिरंजीव मैदानावर जात आहेत. परवा त्यांचा संघ 2-0 ने हरला आणि त्यातला एक गोल त्याच्याच बाजूने झाला. दहावीचे वर्ष येईल तेव्हा पुढचे ठरवू, असा आमचा घरातला तह आहे. गवळी पुढेही सहायक प्रशिक्षक राहिले. 2025 साली खालिद जमील मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हाही त्यांच्याजवळ ते होतेच. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ताजिकिस्तानात, त्याच यजमान संघाविरुद्ध, भारत 2-1 ने जिंकला. दोन्ही गोल बचावपटूंचे. एक संदेश झिंगनचा आणि दुसरा? त्याच अन्वर अलीचा, ज्याच्या झोपेची मला काळजी लागली होती.

तुमच्या घरीही कुणी असेल. नाटकात पडदा ओढायला ठेवलेला, स्पर्धेत राखीव बसवलेला, गायनात मागच्या ओळीत उभी केलेली. ते मूल रुसून घरी आले की त्याला लगेच समजावू नका, आणि 'सोडून दे' असेही म्हणू नका. ताट वाढा आणि एवढेच विचारा, "तिथून तुला काय काय दिसलं?" मी विचारले तेव्हा आमच्याने आधी खांदे उडवले. मग भाताचा घास तोंडात ठेवून म्हणाला, "आई, मागून सगळं दिसतं. आपल्यातला कोण दमलाय, तेसुद्धा दिसतं."